उशीतला बार

रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर गाडी कुठे लावायची याबद्दल आमच्या घरात दोन पक्ष आहेत. नारळाखाली सावली दाट, पण वर टांगती तलवार. सुरूखाली सावली विरळ, पण टप शाबूत. मी सुरूपक्षाचा. गेल्या सप्टेंबरात पावसाने जरा उघडीप दिली म्हणून संध्याकाळी पूल ओलांडून आलो, सुरूच्या कडेला गाडी लावली आणि झरी विनायकापर्यंत पाय मोकळे करून परतलो. चावी फिरवली तर डॅशबोर्डावरचा एक लाल दिवा विझेना. बसलेला माणूस आणि त्याच्या छातीपुढे गोल फुगा, असं ते चित्र. एरवी तो पाच-सहा सेकंद पेटतो, ‘मी आहे’ म्हणतो आणि विझतो. त्या दिवशी घरापर्यंत पेटलेलाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. त्याने स्कॅनर लावला, कोड वाचला आणि विचारलं, “काका, दिवा घालवायचाय की बिघाड?”

मला फरक कळेना. मग त्याने समजावून सांगितलं. दिवा घालवायचा तर तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर पुरतो. एअरबॅगच्या वायरीत पिशवीऐवजी तो बसवला की गाडीच्या संगणकाला वाटतं, पिशवी जागेवर आहे. अपघातात बॅगा उडालेल्या कितीतरी गाड्या अशाच पुन्हा बाजारात येतात म्हणे: आत पोकळ, वर नवं कव्हर, दिवा शहाण्यासारखा विझलेला. आणि बिघाड घालवायचा तर डाव्या सीटखालचे कपलर उघडून बघायला हवेत. माझ्या गाडीत त्या सीटच्या कुशीत बाजूची एअरबॅग शिवलेली आहे. “पण आधी बॅटरी काढायची, आणि काढून थोडा वेळ थांबायचं. त्या पिवळ्या वायरीला उगाच हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “बार आहे तो.”

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत या वस्तूला उशी म्हटलेलं असतं, पडदा म्हटलेलं असतं. मिस्त्रीचा शब्द जास्त खरा. हा बार आपल्या बसायच्या जागेत आला कसा, ते मी त्यानंतर शोधत बसलो.

सुरुवात मात्र बाराने झालेली नाही, हाताने झाली. 1952 साली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले जॉन हेट्रिक बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन गाडीतून फिरायला निघाले होते. वाटेत दगड आडवा आला, गाडी वळवली ती चरात गेली. त्या क्षणी नवरा-बायको दोघांचेही हात आपोआप मुलीच्या पुढे गेले. कुणाला काही झालं नाही. पण घरी येताना हेट्रिक यांच्या डोक्यात एकच विचार: या हातांच्या जागी दुसरं काही आलं तर? नौदलात असताना त्यांनी दाबलेल्या हवेवर चालणारा टॉर्पेडो दुरुस्तीच्या वेळी चुकून सुटलेला पाहिला होता. त्याच्यावरचं कॅनव्हासचं आवरण फुगून थेट वर उडालं होतं. ते दृश्य आणि मुलीपुढे गेलेले हात यांची त्यांनी सांगड घातली. ऑगस्ट 1953 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. जर्मनीत वॉल्टर लिंडरर यांनी जवळपास त्याच सुमारास असाच अर्ज केला होता. दोघांचीही मदार दाबलेल्या हवेवर, आणि दोघांचीही अडचण तीच. हवा पिशवीत शिरेपर्यंत डोकं स्टीअरिंगवर आदळून मोकळं झालेलं असतं.

हेट्रिक यांनी गाडी कंपन्यांना पत्रं लिहिली. कुणी दाद दिली नाही. पेटंटची मुदत सतरा वर्षांची. ती संपली आणि मग जनरल मोटर्सने 1973-74 मध्ये एअरबॅगवाल्या गाड्या रस्त्यावर आणल्या. हेट्रिक यांना त्यातून दमडीही मिळाली नाही. जपानचे यासुझाबुरो कोबोरी यांचीही तीच गत: साठच्या दशकात त्यांनी फुगणाऱ्या जाळीची कल्पना मांडली, अनेक देशांत पेटंटं घेतली आणि 1975 मध्ये ते गेले. त्यांच्या देशातल्या गाड्यांत एअरबॅग दिसायला पुढे दहाएक वर्षं लागली.

हवा पुरेनाशी झाली तेव्हा दारू आली. सोडियम अ‍ॅझाइड नावाच्या विषारी क्षाराच्या गोळ्या, त्यांना ठिणगी लागली की नायट्रोजन वायूचा लोंढा, आणि सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागात पिशवी भरलेली. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

आता प्रश्न उरला ठिणगी कधी टाकायची हा, आणि या सगळ्या वंशावळीत मला तोच सर्वांत रोचक वाटतो. अमेरिकन अभियंते अ‍ॅलन ब्रीड यांनी 1967-68 च्या सुमारास त्याचं उत्तर काढलं. इतकं साधं की शाळेच्या प्रदर्शनात मांडावं. एक छोटी नळी, नळीत पोलादी गोळी, एका टोकाला लोहचुंबक. रोजच्या ब्रेकला, खड्ड्याला गोळी चुंबकाला चिकटून राहते. खरी धडक बसली की सुटते, नळीभर धावते, पुढच्या टोकाच्या दोन पात्यांना शिवते आणि सर्किट पूर्ण होतं. जगायचं की नाही याचा निकाल त्या गोळीच्या हातात. पुढे गोळीची जागा चिपने घेतली, पण पेच तोच राहिला. चुंबक जोरकस ठेवावा तर खऱ्या अपघातात गोळी सुटत नाही. हलका ठेवावा तर खड्ड्यातही सुटते. एकात माणूस बार न उडाल्याने जातो, दुसऱ्यात बार उडाल्याने. एअरबॅगचे पुष्कळ दोष या दोन टोकांच्या मधल्या अरुंद वाटेवरून घसरलेले आहेत.

बार उडाल्याने माणूस जातो, ही अतिशयोक्ती नाही. अमेरिकेत 1990 ते 2008 या काळात कमी वेगाच्या धडकांत समोरच्या एअरबॅगच्या फुगण्यामुळेच 290 हून अधिक मृत्यू झाल्याची नोंद आहे. त्यात मुलं होती, स्टीअरिंगला खेटून बसणारी ठेंगणी माणसं होती, आणि बहुतेकांनी पट्टा लावलेला नव्हता. म्हणूनच 1998 च्या सुमारापासून पिशव्यांचा जोर कमी करण्यात आला. आपल्याकडे डिसेंबर 2024 मध्ये वाशीला पुढच्या सीटवर बसलेला सहा वर्षांचा मुलगा एअरबॅग उघडल्यानंतर दगावला. हेट्रिक यांची कल्पना मुलीपुढे धरलेल्या हातांतून निघाली होती, आणि मुलांनी मागेच बसावं हा धडा त्याच कल्पनेने पुढे दिला. भाट्याच्या पुलावर रविवारी संध्याकाळी पाच मिनिटं उभे राहा: दर चार-पाच गाड्यांमागे एका गाडीत पुढे, कुणाच्या तरी मांडीवर, एक पोर काचेला नाक लावून बसलेलं असतं.

बाजूची एअरबॅग या घराण्यातली धाकटी. व्होल्व्होने 850 या गाडीत ती 1990 च्या दशकाच्या मध्यावर आणली. धाकटी आणि तापटही. कारण उघड आहे. समोरून धडक बसली तर तुमच्या आणि आघाताच्या मध्ये बॉनेट आहे, इंजिन आहे, मीटरभर चुरगळायला पत्रा आहे. बाजूने बसली तर मध्ये फक्त दार, म्हणजे वीतभर अंतर. म्हणून बाजूच्या पिशवीला निर्णय घ्यायला सेकंदाचे हजारातले जेमतेम पाच-सात भाग मिळतात. इतक्या घाईत ज्याला ठरवायचं आहे, तो उतावळा असणारच. दार जोरात आपटलं, दाराला सायकल धडकली, चाक खड्ड्यातून फुटपाथवर आपटलं, तर हे अपघात नव्हेत, हे त्याला शिकवावं लागतं. त्यासाठी नवीन गाडीची मुद्दाम आदळआपट केली जाते: दारं आपटायची, तळाला दगड लावायचे, खडबडीत रस्त्यावर पिटाळायची, आणि प्रत्येक वेळी बार उडत नाही ना ते बघायचं. मुंबई–गोवा महामार्गाचं चौपदरीकरण इतकी वर्षं चाललंय की ही चाचणी आपण कोकणवासीयांनी फुकटात करून दिली आहे.

उतावळेपणाचे नमुने बघण्यासारखे आहेत. 2013 मध्ये टोयोटाने कॅमरी, अ‍ॅव्हलॉन आणि व्हेंझा अशा मिळून आठ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या, आणि गुन्हेगार निघाला कोळी. एसीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीत कोळ्यांनी जाळी विणली, पाणी तुंबलं, आणि एअरबॅगच्या नियंत्रकावर ठिबकलं. शॉर्टसर्किट झालं की पिशवी आपसूक फुटू शकत होती. आमच्याकडे परसात उभ्या गाडीच्या हरेक भोकात कुंभारीण मातीचं घर बांधते. ती बातमी वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

दुसरा नमुना जून 2016 चा. टोयोटाच्याच 14 लाखांहून अधिक प्रियस आणि लेक्सस गाड्या. त्यांच्या खिडक्यांवरच्या पडदा-एअरबॅगला वायू पुरवणाऱ्या नळकांड्यात, दोन भाग जिथे जोडले होते तिथल्या वेल्डिंगमध्ये, बारीक चीर राहून गेलेली. बाजूच्या पिशव्यांत पुष्कळदा स्फोटकाबरोबर दाबलेला वायूही भरून ठेवतात. तोच वायू त्या चिरेतून वाट काढी. गाडी बंद, आत कुणी नाही, धडक नाही, सेन्सर झोपलेला, आणि तरी पडदा अर्धवट फुगून लोंबलेला. असे सात प्रकार जपान आणि अमेरिकेतून नोंदले गेले होते. बंद गाडीत बार उडत नाही, हा मिस्त्रीपासून माझ्यापर्यंत सगळ्यांचा भरवसा. त्याला गेलेली ती चीर होती.

पण खरी गोष्ट ताकाताची, आणि ती कोकणातल्या माणसाला मुद्दाम सांगायला हवी.

ही जपानी कंपनी 1933 सालची, मुळात कापड विणणारी. पॅराशूटच्या कामावरून ती सीटबेल्टच्या पट्ट्यांकडे वळली, पट्ट्यांवरून ऐंशीच्या दशकात एअरबॅगकडे. सोडियम अ‍ॅझाइड विषारी म्हणून नव्वदच्या दशकात सगळेच पर्याय शोधत होते. ताकाताने 2000 च्या सुमारास अमोनियम नायट्रेट निवडलं. ते खतात वापरतात, खाणीतल्या सुरुंगात वापरतात, आणि स्वस्त आहे. त्यांच्याच एका अभियंत्याने, मार्क लिली यांनी, हे धोक्याचं असल्याचं आधीच सांगितलं होतं. ऐकलं गेलं नाही.

आता जरा स्वयंपाकघरात या. जुलैत आमच्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, म्हणून आजी त्यात तांदळाचे दाणे टाकून ठेवायची. पापड सादळतात, काड्यापेटी सादळते, दिवाळीचे उरलेले फटाके पुढच्या वर्षी काढले तर फुसके निघतात. सादळलेला बार फुसका, हे आपल्या अंगवळणी पडलेलं गणित. ताकाताच्या पिशवीत ते उलटं पडलं. तिथे सादळलेला बार जास्त जोरात उडाला.

कारण असं. अमोनियम नायट्रेट मिठापेक्षाही हावरटपणे हवेतलं पाणी पितं. शिवाय शुद्ध अमोनियम नायट्रेटचे स्फटिक 32 अंश सेल्सिअसच्या आसपास आपली रचना बदलतात आणि आकाराने फुगतात-आकसतात. त्यावर उपाय म्हणून कंपनीने दुसरे क्षार मिसळले होते. पण ओलावा आणि रोजची तापणं-निवणं यांपुढे वर्षानुवर्षं ते टिकले नाहीत. आवळून दाबलेल्या वड्या भुसभुशीत होत गेल्या. सरपणाचा ओंडका सावकाश जळतो, तोच फोडून भुसा करा, भडका उडतो. तसंच हे. वडीचा चुरा झाला की एका दमात पेटतो, वायू जाईल तिकडे जाण्याआधी दाब चढतो, आणि वायू सोडणारं धातूचं डबडंच फुटतं. पिशवीसोबत डबड्याचे तुकडे गळ्यात, तोंडात घुसतात. आधीचे काही मृत्यू पोलिसांना सुऱ्याचे वार वाटले होते, इतक्या जखमा खोल.

होंडाने पहिल्यांदा 2008 मध्ये अशा गाड्या बोलावल्या. त्या वेळी हा कारखान्यातला दोष मानला गेला. पण फुटणारी डबडी नकाशावर टिपत गेल्यावर ती फ्लोरिडा, हवाई, पोर्तो रिको अशा उष्ण, दमट किनाऱ्यांवर गोळा झालेली दिसली. अमेरिकी यंत्रणेने मग देशाचे पट्टे पाडले: दमट-उष्ण पट्ट्यात साधारण सहा ते नऊ वर्षांत डबडं धोक्याचं होतं, थंड पट्ट्यात पंधरा ते वीस वर्षांत. शोषक, म्हणजे आजीचे तांदूळ, काही डबड्यांत घातले होते, बहुतेकांत नव्हते. एकट्या अमेरिकेत 6 कोटी 70 लाख डबडी बदलायला निघाली, जगभरात दहा कोटींच्या आसपास. तिसाहून अधिक माणसं गेली. ताकाताने जानेवारी 2017 मध्ये गुन्हा कबूल करायचं मान्य केलं आणि जूनमध्ये दिवाळं काढलं.

हे वाचताना मी सुरूखाली लावलेल्या गाडीकडे बघत होतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, समोर खाडीचं तोंड, वाऱ्यात मीठ, आणि 32 अंश तर आमच्याकडे फेब्रुवारीतसुद्धा सहज. फ्लोरिडाचा पट्टा पाडला गेला. कोकणचा कुणी पाडला?

भारतात सदोष गाड्या परत बोलावण्यासाठी 2012 पासून वाहन कंपन्यांच्या संघटनेची एक ऐच्छिक संहिता होती. त्या काळात होंडाने जुलै 2016 मध्ये सिटी, जॅझ, सिव्हिक अशा 1,90,578 गाड्या ताकाताच्या डबड्यांसाठी बोलावल्या, जानेवारी 2017 मध्ये आणखी 41,580. हे कंपनीने आपणहून केलं, कायद्याने करायला लावलं नाही. मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या रिकॉलचं कलम 2019 च्या दुरुस्तीने आलं आणि नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. पण हे नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी. किनाऱ्यावर जो दोष सहाव्या ते नवव्या वर्षी पिकतो, त्याच्यासमोर सातव्या वर्षी दार बंद करणारा कायदा दिल्लीच्या कोरड्या हवेत लिहिला असावा, असं मला वाटतं. माझी गाडी नऊ वर्षांची आहे, सेकंडहँड आहे, आणि पहिल्या मालकाला जी पत्रं गेली असतील ती मला आलेली नाहीत.

बाकी आपल्याकडचा प्रवास झरझर सांगता येतो. जानेवारी 2014 मध्ये गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने भारतीय बाजारातल्या पाच गाड्या आपटून बघितल्या, पाचही शून्य तारे. त्यातली चाकणला बनणारी पोलो एअरबॅग लावून आपटली तर चार तारे. कंपनीने बिनबॅगची पोलो विकणंच थांबवलं. चालकापुढची पिशवी जुलै 2019 पासून सक्तीची झाली, शेजाऱ्यापुढची 2022 पासून. सहा पिशव्यांच्या सक्तीचा मसुदा जानेवारी 2022 मध्ये निघाला. त्याच वर्षी 4 सप्टेंबरला पालघरजवळ चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले. मागे बसले होते, पट्टा नव्हता. देशभर आठवडाभर पट्ट्याची चर्चा झाली. महिनाअखेरीस सहा पिशव्यांची तारीख वर्षभर पुढे गेली, आणि पुढच्या वर्षी सक्ती करणार नाही असं सरकारनेच सांगून टाकलं. दरम्यान पट्ट्याचा इशारा गप्प करणाऱ्या बनावट क्लिपा ऑनलाइन खुशाल विकल्या जात होत्या. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये त्या हटवायला लावल्या. दिवा घालवणारे रेझिस्टर, आवाज घालवणाऱ्या क्लिपा: या दोन धंद्यांचं मूळ एकच.

जानेवारी 2023 मध्ये मारुतीने 17,362 गाड्यांतले एअरबॅग नियंत्रक बदलायला बोलावले. उडायला हवा तेव्हा बार उडणार नाही, असा तो दोष. म्हणजे ब्रीडच्या चुंबकाचं दुसरं टोक.

मिस्त्रीने बॅटरी काढली, चहा मागवला. चहा संपेपर्यंत थांबणं हेच त्याचं घड्याळ. मग आधी सीटकव्हर उतरवलं. ते मीच घातलेलं, तपकिरी, जाड, दोरे आवळून बसवलेलं. सीटच्या डाव्या कडेला ‘एअरबॅग’ अशी छोटी पट्टी शिवलेली होती. माझ्या कव्हराने ती झाकली होती, आणि जिथून पिशवी शिवण उसवून बाहेर यायची, नेमकी तिथेच कव्हराची दुहेरी शिलाई. मिस्त्री काही बोलला नाही, फक्त बोट ठेवलं.

मग सीट तिरपी करून त्याने पिवळा कपलर उघडला. आतल्या तांब्याच्या पिना हिरव्या पडलेल्या. पूजेचं तांब्याचं भांडं चिंच न लावता महिनाभर ठेवावं, तसा बुरा. फ्लोअरमॅटखालचा गालिचा त्याने दोन बोटांनी दाबला, बोटं ओली आली. जुलैत कधीतरी दाराच्या रबरातून पाणी शिरलं होतं, आणि मी वरून पुसून मोकळा झालो होतो.

त्याने स्प्रे मारला, ब्रशाने पिना घासल्या, कपलर खटकन बसवला, बॅटरी जोडली. चावी फिरवली. दिवा पेटला, सहा मोजेपर्यंत पेटून राहिला, विझला.

“कव्हर?” मी विचारलं.

“ते घालू नका काका. आणि गालिचा चार दिवस उन्हात टाका,” तो म्हणाला. मग आकाशाकडे बघून, “मिळालं तर.”